मूळ आणि समास : मराठी ग्रंथांवरील टिपांचा इतिहास

ग्रंथ ज्या काळात आणि ज्या समुदायासाठी रचला जातो, त्या समुदायाला त्याचा अर्थ लावण्यासाठी सहसा टीप लागत नाही. न समजलेले ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे विचारता येते, सांगणाऱ्याला ते उलगडून दाखवता येते आणि उरलेले पुष्कळसे दोघांच्या सारख्याच जगण्यात गृहीत असते. शब्द जुने होतात, प्रसंग विसरले जातात, नाणी-वजने-कालगणना बदलतात, आणि ग्रंथ मात्र आपल्या जागी राहतो, तेव्हा टिपेची गरज उत्पन्न होते. त्यामुळे एखाद्या ग्रंथावर कोणत्या काळी कशासाठी टीप लिहावी लागली, हे पाहिले म्हणजे ग्रंथ आणि वाचक यांच्यात त्या काळी किती अंतर पडले होते, हे बऱ्याच अचूकपणे मोजता येते. टीप म्हणजे येथे मुळाबाहेर ठेवलेले, पण मुळातील एका ठरावीक जागेशी बांधलेले स्पष्टीकरण, असा अर्थ अभिप्रेत आहे. या व्याख्येतील दोन्ही अटी सारख्याच महत्त्वाच्या आहेत, कारण मुळाशी न बांधलेले स्पष्टीकरण हा स्वतंत्र निबंध होतो आणि मुळाबाहेर न राहिलेले स्पष्टीकरण हा प्रक्षेप, म्हणजे ग्रंथात मागाहून शिरलेला परका मजकूर होतो. मराठीतील टिपांचा इतिहास हा मुख्यतः ही दुसरी अट कोणी, कशी आणि किती निष्ठेने पाळली याचा इतिहास आहे.

संस्कृत परंपरेने स्पष्टीकरणाचे प्रकार फार पूर्वी वेगळे केले होते. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त वृत्ती, पद्धती, भाष्य, समीक्षा, टीका, पंजिका, कारिका आणि वार्तिक अशी नावे घेऊन प्रत्येकाचे काम सांगितले आहे. सूत्राचे सार उलगडते ती वृत्ती, आक्षेप उभे करून त्यांना उत्तरे देते ते भाष्य, शक्य तितका अर्थ दाखवत जाते ती टीका, फक्त अवघड पदे फोडते ती पंजिका, आणि मुळात जे सांगितले, जे सांगायचे राहिले व जे चुकीचे सांगितले या तिन्हींचा विचार करते ते वार्तिक. आज ज्याला तळटीप म्हणतात तिचे जवळचे नाते पंजिकेशी आहे. पण चांगल्या संपादकाच्या टिपांत वार्तिकाचाही अंश असतो, कारण मुळातील चूक दाखवण्याचे धैर्य तेथे लागते. कालिदास, भारवी, माघ यांच्या काव्यांवर लिहिणाऱ्या मल्लिनाथाने स्वतःसाठी घालून घेतलेला नियम तर आजच्या संपादकालाही पुरेसा आहे: ज्याला आधार नाही ते लिहायचे नाही आणि ज्याची अपेक्षा नाही ते सांगायचे नाही. या नियमाचा पहिला भाग बहुतेक टीकाकार पाळतात, दुसरा भाग फार थोड्यांना पाळता आला आहे.

मूळ आणि स्पष्टीकरण यांतील सीमा हस्तलिखित पोथीत डोळ्यांना दिसेल अशी आखलेली असे. कागदी पोथीचे पान उंचीपेक्षा लांबीला जास्त असते, दोन्ही बाजूंना बहुधा तांबड्या रेघांनी समास सोडलेला असतो आणि त्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे व पानाचा आकडा घातलेला असतो. सटीक पोथी लिहिताना लेखक, म्हणजे नक्कल करणारा, पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत मूळ लिहीत असे आणि त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत टीका लिहीत असे. तीन पट्ट्यांच्या या मांडणीला त्रिपाठ म्हणतात, आणि डावी-उजवी बाजूही टीकेने भरली की तिला पंचपाठ म्हणतात. ही मांडणी दिसायला सोपी असली तरी करायला कठीण होती, कारण पानावर मुळाच्या किती ओळी घेतल्या म्हणजे त्यांच्यावरची टीका त्याच पानात मावेल, याचा अंदाज लेखकाला आधीच बांधावा लागे. टीका विस्ताराची असेल तेथे मधली पट्टी दोन-तीन ओळींची उरते, आणि टीका त्रोटक असेल तेथे मूळ मोकळेपणाने पसरते. अशा पानाकडे पाहताच कोणता भाग कवीचा आणि कोणता टीकाकाराचा याविषयी शंका उरत नाही.

घोटाळा होई तो साध्या पोथीत. लिहिताना शब्द गळाला तर त्या जागी काकपदाची खूण करून गळालेली अक्षरे समासात लिहिण्याची पद्धत होती, आणि चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकण्याची. पण त्याच समासात एखादा अभ्यासू मालक कठीण शब्दाचा अर्थही टिपून ठेवी. पुढच्या पिढीत त्या पोथीची नक्कल होऊ लागली म्हणजे समासातील कोणता शब्द गळालेला आणि कोणता अर्थासाठी लिहिलेला हे ओळखण्याचे काम नव्या लेखकावर पडे, आणि तो ते नेहमी नीट करू शकत नसे. कधी अर्थाचा शब्द मुळात शिरून ओवी लांबे, तर कधी जुना शब्द गाळून त्याच्या जागी अर्थाचाच शब्द बसे. ‘आथी’च्या जागी ‘आहे’ आले की ओवी कळायला सोपी होते, पण ‘आथी’ लिहिणारा काळ त्या पोथीतून नाहीसा होतो. जुन्या मराठी ग्रंथांची भाषा पोथीगणिक नवी होत गेलेली दिसते, तिची कारणे अनेक आहेत. त्यांत समासातून मुळात उतरलेल्या टिपा हे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. याला लबाडी म्हणता येणार नाही, कारण त्या लेखकांना ग्रंथ जपायचाच होता. परंतु स्पष्टीकरणाने आपली जागा सोडली की जपणुकीनेही ग्रंथाची हानी होते, हे या पोथ्यांवरून स्पष्ट दिसते.

या पार्श्वभूमीवर महानुभाव पंथाने तेराव्या शतकाच्या अखेरीपासून जे केले, त्याला मराठीच्या इतिहासात फार वरचे स्थान द्यावे लागते. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्यानंतर केशिराजबासांनी त्यांतील वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि ‘दृष्टांतपाठा’त प्रत्येक दृष्टांताची मांडणी तीन थरांत केली. सूत्र चक्रधरांचे, त्यानंतरचा दृष्टांत, म्हणजे उदाहरणादाखल सांगितलेली लहानशी गोष्ट, तीही चक्रधरांची, आणि शेवटी येणारे दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते याचे विवरण, हे केशिराजांचे स्वतःचे. गुरूवरील श्रद्धा पराकोटीची असताना शिष्याने आपले शब्द गुरूच्या शब्दांत मिसळू न देणे, आणि हा वेगळेपणा ग्रंथाच्या रचनेतच कायमचा बसवून टाकणे, याला केवळ शिस्त म्हणणे अपुरे वाटते. वाचकाला मूळ आणि त्याचे विवरण वेगवेगळे पाहता आले पाहिजे, हा हक्क येथे मराठी गद्याच्या अगदी आरंभीच मान्य झालेला आहे.

वचने प्रसंगांपासून सुटी केल्यामुळे एक नवी अडचण मात्र उभी राहिली. एखादे तीन-चार शब्दांचे सूत्र कोणाला उद्देशून, कोठे आणि कोणत्या प्रश्नावर उच्चारले गेले हे माहीत नसेल, तर त्याचा अर्थ लागत नाही किंवा भलताच लागतो. या अडचणीतून ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथप्रकार निघाला, ज्यात सूत्रामागचा प्रसंग नोंदलेला असतो. त्याच्या जोडीला आचार, विचार आणि लक्षण या विषयांवरील सूत्रांचे सविस्तर विवरण करणारे ‘बंद’ तयार झाले. ‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत तर पंथाची निष्ठा आणखी एक पाऊल पुढे गेली. पंथाच्या परंपरेनुसार या ग्रंथाची मूळ पोथी धाडीच्या गडबडीत नाहीशी झाली आणि पुढे तो निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणावरून पुन्हा उभा करण्यात आला. स्मरणे तंतोतंत जुळत नव्हती. अशा वेळी एकच पाठ पक्का करून बाकीचे टाकून देणे सोपे होते, पण पोथ्यांत हिराइसा, परशराम, रामेश्वर अशा नावांनिशी त्यांचे वेगळे पाठ नोंदलेले आढळतात. पाठभेद, म्हणजे एकाच जागी निरनिराळ्या पोथ्यांत किंवा परंपरांत सापडणारी निरनिराळी शब्दयोजना, आणि ती कोणाकडून आली याची नावानिशी नोंद, ही आधुनिक संपादनशास्त्राची पहिली पायरी मानली जाते. ती येथे छापखान्याच्या कित्येक शतके आधी चढलेली आहे. पुढे हे सारे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी समाजाला या पद्धतीचा परिचयच झाला नाही, ही मराठी ग्रंथसंपादनाची मोठीच हानी झाली.

‘ज्ञानेश्वरी’चा मार्ग याहून वेगळा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास सिद्ध झालेला हा ग्रंथ स्वतःच गीतेवरील टीका आहे. तरी सातशे श्लोकांवरच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्यांत टीकेने मुळाची मर्यादा ओलांडून स्वतंत्र ग्रंथाचे स्वरूप घेतले आणि कालांतराने तिच्यावरच टीका लिहिण्याची वेळ आली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणास या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. तोवर पाठांतरात आणि नकलांत ग्रंथ पुष्कळ बिघडला होता, आणि यापुढे कोणीही त्यात आपली ओवी घालू नये असा कडक इशारा एकनाथांनी आपल्या प्रतीच्या शेवटी दिला. तो इशारा मोलाचा आहे; पण कोणत्या ओव्या मागाहून शिरलेल्या वाटल्या, कोणते शब्द बदलले आणि कोणत्या पोथ्या समोर होत्या, याची नोंद त्यांनी ठेवलेली नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते योग्यच होते, आणि ज्या भक्तीने ते काम झाले तिच्याविषयी आदरच वाटतो. तथापि त्या न लिहिलेल्या टिपांचा परिणाम विसाव्या शतकापर्यंत पोचला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व असल्याचा दावा करून एका जुन्या पोथीवरून ‘ज्ञानेश्वरी’ छापली, तेव्हा जो वाद माजला तो पूर्णपणे मिटवण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते, कारण एकनाथांनी काय वगळले आणि काय राखले हे सांगणारा कागद मुळात अस्तित्वातच नव्हता.

पंडिती काव्याला छापखाना येईपर्यंत लेखी टिपांची निकड फारशी भासली नाही, याचे कारण कीर्तनकार आणि पुराणिक. मोरोपंतांच्या आर्येतील श्लेष, दूरान्वय आणि पुराणकथांचे ओझरते उल्लेख श्रोत्यांना आपोआप समजत होते असे मानण्याचे कारण नाही. हरिदास आर्या म्हणून दाखवी, पदे सोडवी, कथा सांगे आणि पुढच्या आर्येकडे वळे. स्पष्टीकरण बोलण्यात असल्यामुळे ते श्रोत्यांप्रमाणे बदलत असे आणि मुळाला त्याचा स्पर्श होत नसे. छापील पुस्तकाने काव्य एकट्याने वाचणाऱ्याच्या हाती दिले आणि हरिदासाची जागा रिकामी केली. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या काव्यवेच्यांच्या पुस्तकाने ती जागा भरण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला. शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी वेचे निवडणे, प्रत्येक कवीचा परिचय देणे आणि कठीण शब्दांचे अर्थ सांगणे ही पद्धत त्याने रुजवली, आणि पिढ्यान्पिढ्या मराठी माणसाची जुन्या काव्याशी पहिली ओळख याच पुस्तकाने करून दिली. अर्थ एका ओळीत आटोपणे हा त्याचा गुण होता आणि त्याचीच मर्यादाही होती, कारण हरिदास जे तीन अर्थ सांगे त्यांतला एकच छापील टिपेत उरला आणि परीक्षेत तोच बरोबर ठरला.

वाचक बदलला की जुन्या ग्रंथाला लागणारे साहाय्यही बदलते, याचे स्पष्ट उदाहरण गोव्याच्या बाजूला सापडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, तेव्हा ते साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या परिचयाच्या ओवीत ऐकवण्यासाठी होते. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली, तीत चरित्र, प्रस्तावना आणि इंग्रजी सारांशाबरोबर शब्दसंग्रहही द्यावा लागला. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले तेव्हा लिपी बदलणे हीच वाचकासाठी केलेली पहिली सोय ठरली.

तुकारामांच्या गाथेच्या बाबतीत टिपेचे वेगळेच रूप पुढे आले. मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून निघालेल्या, विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेल्या गाथेत देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहण्यात आल्या आणि त्यांचे पाठभेद पानाच्या तळाशी दिले गेले. या टिपा अर्थ सांगत नाहीत. वर छापलेला शब्द हा अनेकांतून निवडलेला आहे, तो एकमेव नव्हे, एवढेच त्या सांगतात. गाथा कंठस्थ असलेल्या वारकऱ्याला अशा नोंदी अनावश्यक वाटणे स्वाभाविक होते. पण संतवचनाच्या मुद्रित पानावर पोथ्यांची साक्ष उघडपणे मांडण्याची रीत मराठीत याच गाथेने रूढ केली, आणि पुढील प्रत्येक वाद तिच्या तळटिपांच्या आधारानेच खेळला गेला. ‘ज्ञानेश्वरी’साठी याच्या उलट दिशेने ‘सार्थ’ आवृत्त्यांची परंपरा वाढली. सार्थ म्हणजे अर्थासह. ओवी मोठ्या टंकात आणि तिच्या खाली चालू मराठीतला अर्थ, ही मांडणी साखरेमहाराजांपासून १९५३ साली निघालेल्या सोनोपंत दांडेकर यांच्या आवृत्तीपर्यंत घरोघर पोचली. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर, ‘फुडें’ म्हणजे निश्चित, हे वाचकाला अशा आवृत्त्यांनी शिकवले. अनोळखी शब्द निदान वाचकाला थांबवतात. ज्या जुन्या शब्दांचे रूप आज ओळखीचे वाटते पण अर्थ पालटला आहे, ते खरे धोक्याचे असतात, आणि टीपकाराची पारख त्यांच्याच बाबतीत होते.

इतिहासाच्या कागदपत्रांवरील टिपा हे या साऱ्या इतिहासातील सर्वांत कष्टाचे प्रकरण आहे. १८७८ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकातून काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी बखरी, पत्रे, यादी व काव्ये छापण्यास आरंभ केला. १८९८ साली राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. मराठेशाहीतील पत्र हे लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पूर्ण समजत असे, म्हणूनच ते तिसऱ्या माणसाला जवळजवळ काहीच सांगत नाही. मोडी लिपीत शब्द तोडलेले नसतात. ‘राजश्री’साठी नुसते ‘रा’ आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा, ‘परगणे’साठी ‘प’ आणि पुन्हा दोन रेघा, असे संक्षेप असतात. माणसांची नावे ‘दादा’, ‘भाऊ’, ‘नाना’, ‘तीर्थस्वरूप’ अशा संबोधनांत लपलेली असतात. यांपैकी प्रत्येक गोष्ट संपादकाला टिपेत सोडवून द्यावी लागते.

सर्वांत अवघड काम तिथीचे. औपचारिक सनदेत शुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हा सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात, आणि त्यात ५९९ किंवा, जानेवारीपासून मृगापर्यंतची तारीख असल्यास, ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे साल १७६०-६१, पानिपतचे. पण खाजगी पत्रात इतकेही नसते. तेथे ‘छ’ या अक्षरापुढे एक आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव एवढीच काळाची खूण असते. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात त्या चांद्र महिन्यातील तारीख. साल कोणते हे पत्र सांगत नाही. अशा वेळी संपादक एका साध्या गणिताचा आधार घेतो: हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे त्याचे महिने दर वर्षी अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतात. म्हणून पत्रात रमजानची तारीख असेल आणि मजकुरात दसऱ्यानंतर मोहिमेस निघण्याची गोष्ट असेल, तर एका माणसाच्या कर्तबगारीच्या काळात ही सांगड दोन-तीन लगतच्या वर्षांतच बसू शकते, आणि मग पत्रातील एखादा मृत्यू, तह किंवा नदीचा पूर त्यांतून एक वर्ष निश्चित करतो. कधी पत्राच्या पाठीवर ‘पैवस्ती’ची, म्हणजे पत्र पोचल्याची, तारीख दप्तरातील कारकुनाने घातलेली असते. ती आपल्या रोजच्या कामापुरती केलेली नोंद होती. दीडशे वर्षांनी तीच संपादकाच्या टिपेचा भक्कम आधार ठरते. या सगळ्या खटपटीतून छापील पानावर उरते ती चौकटी कंसातील एक तारीख. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री आणि ग. ह. खरे यांचे ‘संशोधकाचा मित्र’ ही पुस्तके हाती असणाऱ्यालाच त्या तारखेमागची मेहनत पूर्णपणे कळते, आणि जे इतिहासलेखक ती तारीख निमूटपणे उचलून आपल्या पुस्तकात घालतात त्यांनी निदान ती कोणी ठरवली हे सांगायला हवे.

राजवाड्यांच्या टिपांविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ते ठाम मतांचे होते, आणि त्यांची अनेक अनुमाने पुढे टिकली नाहीत; पण पत्राचा मजकूर आणि त्यावरचे आपले मत यांची त्यांनी गल्लत केली नाही. मत प्रस्तावनेत आणि टिपेत, मूळ आपल्या जागी, ही रीत पाळली गेल्यामुळे त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांनाही त्यांचेच खंड वापरता आले. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हीच रीत आपल्या प्रकाशनांत पुढे चालवली.

मूळ आणि टीप यांच्यातील सीमारेषेला शास्त्राची पूर्ण प्रतिष्ठा मिळाली ती पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतात. १९१९ साली हाती घेतलेले हे काम १९६६ साली १९ खंडांत पुरे झाले, आणि १९२५ पासून १९४३ पर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रधान संपादक होते. या आवृत्तीचे पान आडव्या रेषेने दोन भागांत विभागलेले आहे. वर संपादकांनी निश्चित केलेला श्लोक असतो, आणि जेथे त्यांचा निर्णय पूर्ण खात्रीचा नाही तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ असते. रेषेखाली काश्मिरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळी इत्यादी लिप्यांतील पोथ्यांच्या खुणेच्या अक्षरांनिशी सर्व पाठभेद दिलेले असतात, आणि काही पोथ्यांतच आढळणाऱ्या ओळी तारांकित क्रमांक देऊन तेथेच छापलेल्या असतात. व्यासांच्या तोंडून निघालेले महाभारत गणपतीने लिहून घेतले ही सर्वांच्या परिचयाची कथा या आवृत्तीत मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. श्रद्धाळू वाचकाला हे खटकले तरी कथा नष्ट केलेली नाही. ती कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्यांत नाही हे सांगून तिला तिची जागा दिली आहे. आपल्या निर्णयाविरुद्धचा पुरावा त्याच पानावर छापणारी ही आवृत्ती वाचकाला संपादकाच्या बरोबरीने बसवते.

याच कामात जुन्या टीकाकारांना एक नवे महत्त्व मिळाले. टीकाकार ज्या शब्दाचा अर्थ सांगतो तो शब्द आधी उद्धृत करतो. या उद्धृत शब्दाला प्रतीक म्हणतात. टीका जुनी असेल तर तिच्यातील प्रतीके आज हाती असलेल्या पोथ्यांपेक्षाही जुना पाठ राखून ठेवतात. सुकथनकरांनी देवबोधाच्या ‘ज्ञानदीपिका’ या टीकेला एवढे मोल दिले ते याच कारणासाठी. याच न्यायाने मूळच्या गोदाकाठच्या कोपरगावच्या आणि काशीत राहून सतराव्या शतकात ‘भारतभावदीप’ लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धराचीही परीक्षा झाली. नीलकंठाने निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून आपला पाठ सिद्ध केला होता आणि छापील युगात घरोघरी पोचलेले महाभारत बव्हंशी त्याचेच होते. पण कोणता पाठ कोणत्या प्रांतातून घेतला हे त्याने प्रत्येक ठिकाणी सांगितले नसल्यामुळे, अर्थ सांगणारा म्हणून तो थोर राहिला आणि पाठाचा साक्षीदार म्हणून अनेकांतील एक ठरला. एकनाथांच्या ‘ज्ञानेश्वरी’पुढे उभा राहिलेला प्रश्न येथे दुसऱ्या रूपात भेटतो, आणि या वेळी त्याला उत्तर देण्याइतक्या पोथ्या मेजावर होत्या.

शिक्षणाच्या प्रसाराबरोबर टिपांचे एक हलके रूपही वाढले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाल्यावर संस्कृत ग्रंथांच्या सटिप्पण आवृत्त्यांची गरज निर्माण झाली, आणि ब्यूलर व कीलहॉर्न यांनी सुरू केलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित यांसारख्यांनी ती उत्तम रीतीने भागवली. त्यांच्या टिपा विद्यार्थ्याला मुळाकडे परत पाठवत. पुढे मूळ न वाचता उत्तर लिहिता यावे एवढ्याच हेतूने छापलेल्या मार्गदर्शिका आल्या, आणि संदर्भासह स्पष्टीकरण हा अभ्यासाचा प्रकार पाठांतराचा प्रकार बनला. ज्या टिपेनंतर वाचक मुळाकडे परतत नाही, ती कितीही बिनचूक असली तरी तिने आपले काम केलेले नाही.

टिपा स्वतःही जुन्या होतात, हे अलीकडच्या पुनर्मुद्रणांत प्रकर्षाने जाणवते. ‘नवनीता’तील किंवा सान्यांच्या बखरींवरील टिपांची भाषा आज स्वतःच जुनी वाटू लागली आहे, आणि त्यांनी परिचयाची म्हणून न सांगितलेली नाती, वजने, चलने आज सांगावी लागतात. अशा पुस्तकांची नवी आवृत्ती काढताना जुन्या टिपा गाळून फक्त मूळ छापण्याचा मोह प्रकाशकाला होतो, कारण पाने वाचतात. राजवाड्यांच्या प्रस्तावना १९२८ साली ‘ऐतिहासिक प्रस्तावना’ या नावाने वेगळ्या पुस्तकात आल्या, तेव्हा त्या अधिक वाचकांपर्यंत पोचल्या हे खरे. पण त्या ज्या पत्रांना बांधलेल्या होत्या ती पत्रे त्या वाचकांसमोर नव्हती. जुन्या टिपा तशाच ठेवून, त्यांच्या लिहिणाऱ्याचे नाव व साल कायम राखून, नव्या टिपा वेगळ्या खुणेने त्यांच्या शेजारी देणे हा मार्ग खर्चाचा असला तरी शक्य आहे, आणि केशिराजांनी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक एकाच पोथीत वेगवेगळे ठेवून तो मराठीत कधीच दाखवून दिलेला आहे.